आबांचं ते बोलणं ठेवायचं का कापायचं? सांगलीतल्या पॉडकास्टवाल्याचा प्रश्न

हळदपेठेतला

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण पूर्ण वाचून मगच सांगा.

मी सांगलीत मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे आणि माझा शाळेपासूनचा मित्र जिल्हा कोर्टात वकिली करतो. आम्ही दोघं मिळून पॉडकास्ट करतोय, पंधरा दिवसाला एक भाग. रविवारी सौदे बंद, त्याला कोर्ट नाही, मग खणभागात आमच्या जुन्या घराच्या माडीवर बसतो. भिंतीला आईच्या दोन वाकळा टांगल्यात म्हणजे आवाज घुमत नाही, पंखा बंद ठेवायचा, दोन कॉलर माईक आणि एक मोबाईल, एवढाच कारभार. विषय म्हणाल तर राजकारण, नाटक, खेळ, कायदा, जे चालू असेल ते. पहिला भाग रंगभूमी दिनाला केला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं सीतास्वयंवर केलं हे सांगलीतल्या पोराला पण पाठ असतं, पण सांगलीतच जन्मलेल्या खाडिलकरांच्या कीचकवधावर इंग्रजांनी १९१० मध्ये बंदी घातली, कारण लोकांना स्टेजवरच्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसायला लागला होता, हे कितीजणांना ठाऊक आहे? तासभर बोललो त्यावर, आणि ऐकणाऱ्यांनी पण मनापासून ऐकलं.

अडचण सुरू झाली पक्षांतराच्या भागापासून. मित्रानं राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, लय सोपं करून सांगितलं होतं, १९८५ मध्ये कशासाठी आणलं, पक्षाचे एक तृतीयांश आमदार-खासदार फुटले तर चालायचं ते २००३ मध्ये कसं काढलं, सगळं. मग शिवसेनेच्या केसवर आला. ११ मे २०२३ च्या निकालात घटनापीठानं राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते चुकीचं ठरवलं, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाताच राजीनामा दिला म्हणून जुनं सरकार परत आणता येणार नाही असंही म्हटलं. दोन वाक्यं सलग बोलला तो. एका पेजनं पहिलं वाक्य उचललं, दुसऱ्या पेजनं दुसरं, आणि दोन दिवसांत त्याला दोन्हीकडच्या लोकांनी कोर्टाच्या पायरीवर गाठून विचारलं की वकीलसाहेब तुम्ही कुणाचे? तासाभराचं बोलणं होतं हो ते. त्याच्या घरी म्हातारी आई घाबरली, म्हणाली बंद करा हे धंदे. आम्ही बंद केलं नाही, पण तेव्हापासून मित्र प्रत्येक वाक्याला कात्री घेऊन बसतो.

आता खरा प्रश्न. गेल्या महिन्यात बैलगाडी शर्यतीवर भाग करायचा म्हणून आटपाडीकडं गेलो. तिथं एक आबा आहेत, सत्तरी पार केलेले, चाळीस वर्षं शर्यतीचे खोंड सांभाळलेले. माडीवर कुठं बोलवायचं त्यांना, आम्हीच गोठ्यात जाऊन बसलो. रेकॉर्डिंगमध्ये मागं बैल दावणीला मान घासतोय त्याचा आवाज येतो, मधूनच घंटा वाजते, ते आम्ही काढलेलं नाही. आबा पावणेदोन तास बोलले. कासरा हातात धरून दाखवत होते, कुठल्या बोटात किती ढील द्यायची ते.

बोलता बोलता सुप्रीम कोर्टानं शर्यतीवर घातलेल्या २०१४ च्या बंदीवर आले आणि म्हणाले, आम्ही बंदीत पण पळवली. पहाटे तीनला, माळावर, हेडलाइटच्या उजेडात. आवाज नको म्हणून बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून ठेवायचे. आणि मग म्हणाले, "घुंगराबिगर बैल पळताना बघितला की आसं वाटायचं, कुणाच्या तरी मयताला आलोय." त्यानंतर जवळजवळ अर्धा मिनिट कुणीच काही बोललेलं नाही रेकॉर्डिंगमध्ये, फक्त बैलाची मान घासायची चालू आहे.

मित्र म्हणतो हा सगळा तुकडा कापायचा, म्हातारा माणूस स्वतःच्या तोंडानं गुन्हा कबूल करतोय, शिवाय आणखी दोन बैलवाल्यांची नावं घेतलीत आणि त्या वेळच्या एका पोलीस जमादाराचं पण घेतलंय की त्यानं काणाडोळा केला. मी म्हणतो हा तुकडा काढला तर भागात राहतं काय? बंदी म्हणजे माणसाला काय झालं होतं ते त्या एका वाक्यात आलंय. दोघं दोन आठवडे अडून बसलोय. कापायचं का ठेवायचं? आणि दुसरं, काहीजण म्हणतात राजकारण वेगळं चॅनल करा, खेळाचं वेगळं, कायद्याचं वेगळं, म्हणजे ज्याला जे पाहिजे ते ऐकेल. तुम्हाला काय वाटतं?

माणदेशी पोरगं

भावा कापू नको. हात जोडून सांगतो कापू नको.

माझं गाव म्हसवडच्या बाजूला. बंदी आली तेव्हा मी नववीत होतो, आमच्या दारात एक आदत खोंड होता, अजून दात पाडला नव्हता त्यानं. वडिलांनी खरसुंडीच्या यात्रेतनं आणला होता, दोन एकराच्या डाळिंबाचे पैसे घालून. ७ मे २०१४ ला निकाल आला आणि त्या वर्षी त्या खोंडाला कुणी दावं धरून बघायला पण आलं नाही. दूध, अंडी, उडदाचं पीठ खाऊन वाढवलेला बैल, त्याला नांगराला कसा जुंपायचा? शेवटी विकला, केवढ्याला विकला ते वडिलांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

टीव्हीवर तेव्हा रोज चर्चा व्हायच्या, एका बाजूला प्राणीप्रेमी, एका बाजूला कुठल्यातरी पक्षाचा प्रवक्ता, आणि बैल पाळणारा माणूस कुठंच नाही. तुमच्या आबांसारखा माणूस पावणेदोन तास बोलतोय ही माझ्यासाठी लय मोठी गोष्ट आहे. आणि हे वेगळं चॅनल वगैरे सांगणाऱ्यांना विचारा, बैलगाडी शर्यत कुठल्या चॅनलवर टाकायची? खेळ आहे, यात्रेची परंपरा आहे, सुप्रीम कोर्टात बारा वर्षं घासलेला विषय आहे आणि प्रत्येक इलेक्शनला स्टेजवरनं त्यावर टाळ्या घेतल्यात. एकाच बैलाचे चार पाय आहेत ते, चार गोठ्यांत कसे बांधणार?

फक्त एक करा, शब्द आबांचेच ठेवा. आदत, दुसा, चौसा, कासरा, छकडा, आमच्याकडं हाकणाऱ्याला ड्रायव्हरच म्हणतात तर ड्रायव्हरच राहू दे. पुण्याच्या लोकांना कळावं म्हणून बदलू नका, त्यांना कळेल ऐकता ऐकता.

वकीलताई, सातारा

दादा, मी साताऱ्यात सोळा वर्षं वकिली करते, बहुतेक फौजदारी. तुमच्या मित्राची भीती खरी आहे पण ती चुकीच्या जागी बसलीय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आबांचं स्वतःचं. शर्यतीबद्दलचा मुख्य गुन्हा लागतो तो प्राण्यांना निर्दयतेनं वागवण्याच्या १९६० च्या कायद्याखाली. त्या कायद्याचं ३६ वं कलम तुमच्या मित्राला उघडून बघायला सांगा. गुन्हा घडल्यापासून ३ महिने उलटले की त्या कायद्याखाली खटला दाखल करता येत नाही. बंदी उठली डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे आबांची शेवटची पहाटेची शर्यत धरली तरी ती मुदत केव्हाच गेली. जमावबंदी मोडली, आदेश मोडला म्हणून जुन्या आयपीसीचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं, १८८ वं कलम लावायचं म्हटलं तर त्याला कमाल शिक्षा ६ महिने, आणि १ वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टानं १ वर्षाच्या आत घ्यायची असते, ते जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, ४६८ वं कलम. तेही संपलं. म्हणजे "आम्ही बंदीत पळवली" एवढ्या वाक्यानं आबांच्या दारात पोलीस येईल असं मला वाटत नाही.

पण. पूर्ण रेकॉर्डिंग एकदा नीट ऐका. कुठला बैल पळताना जायबंदी केला, मेला, असं काही त्यात असेल तर ते वेगळं. गुरं मारणं किंवा जायबंदी करणं याला जुन्या आयपीसीत ४२९ होतं, ५ वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तिथं ही मुदतीची आडकाठी नसते. तसं काही असेल तर प्रसिद्ध करायच्या आधी कुणाला तरी दाखवा.

आता नावं. ती मात्र काढाच, यात दुसरा विचार नको. त्या जमादारानं काणाडोळा केला हे आबा म्हणतात, तुमच्याकडं त्याचा पुरावा काय? बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, २ वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते, आणि ते फक्त बोलणाऱ्याला लागत नाही, प्रसिद्ध करणाऱ्यालाही लागतं. प्रसिद्ध करणारे तुम्ही दोघं. खरं असणं पुरत नाही, खरं आणि सार्वजनिक हिताचं असं दोन्ही दाखवावं लागतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या दोन बैलवाल्यांनी तुम्हाला कधी हो म्हटलं? आबांना स्वतःची गोष्ट सांगायचा हक्क आहे, शेजाऱ्याची नाही.

आणि आबांना परत विचारा. गोठ्यात गप्पा मारताना माणूस विसरतो की माईक लावलाय. त्यांच्याकडं जाऊन तो तुकडा त्यांना ऐकवा, घरातलं कुणीतरी जवळ असू दे, आणि ते हो म्हणाले तर तेही रेकॉर्ड करून ठेवा. मी अशिलाला अ‍ॅफिडेव्हिटवर सही करायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवते, अर्धे लोक म्हणतात अहो असं नव्हतं म्हणायचं मला. तीच गोष्ट आहे ही.

तुमच्या मित्रासाठी एक. मी तुमचे दोन भाग ऐकले, सुरुवातीला तो स्वतःचं चेंबर कुठं आहे ते सांगतो आणि खाली फोन नंबर पण दिलाय. ते आजच काढा. बार कौन्सिलच्या नियमांत ३६ वा नियम आहे, वकिलानं थेट किंवा आडून जाहिरात करायची नाही, काम मागायचं नाही. कायद्याबद्दल बोलायला, समजावून सांगायला काही हरकत नाही, पण नंबर आला की ती जाहिरात होते आणि उद्या कुणी रागावलेला माणूस तेवढंच धरून तक्रार करेल.

निकालावर बोलायला मात्र घाबरू नका. न्यायालयाच्या अवमानाचा १९७१ चा कायदा स्वतःच सांगतो, निकाल लागून संपलेल्या केसच्या गुणदोषांवर रास्त टीका केली तर तो अवमान नाही. घटनापीठाच्या सुनावण्या २०२२ च्या सप्टेंबरपासून लाइव्ह दाखवतात, बऱ्याच निकालांची मराठी भाषांतरं पण फुकट वाचायला मिळतात. निकालातला परिच्छेद समोर धरून, जसाच्या तसा वाचून मग बोला. वाक्य उचलणारे उचलतीलच, पण मूळ तुमच्याकडं पूर्ण असेल.

हळदपेठेतला

ताई, लय लय धन्यवाद. ३६ वं कलम मित्रानं तुमच्या उत्तरानंतर दहा मिनिटांत उघडलं, म्हणाला मी आयपीसीतच अडकून बसलो होतो. नंबर काढला. नावं काढतोय. बैल मेल्याचं किंवा जायबंदी झाल्याचं रेकॉर्डिंगमध्ये काही नाही, परत दोनदा ऐकलं.

गुरांचा डॉक्टर

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात पशुवैद्यकाचं काम करतोय, वीस वर्षं होत आली.

आबांचं वाक्य मलाही भिडलं. पण मला एक सांगा, त्या पावणेदोन तासात बैलाच्या बाजूनं कोण बोललं? मी शर्यतीच्या मैदानावर ड्युटी केलीय. शेपटी चावलेली बघितलीय, दाताचे व्रण मोजलेत. पराणीला खिळा लावून पुठ्ठ्यात टोचलेलं बघितलंय, बारीक भोक असतं, केसांत दिसत नाही, हात फिरवला की बोटाला रक्त लागतं. बॅटरीचा शॉक दिलेला बैल लांबनं ओळखू येतो, माणूस जवळ आला की कातडी थरथरते त्याची, मग तो माणूस मी असलो तरी. बंदी कुणी दिल्लीत बसून उगाच आणली नव्हती. २०११ च्या जुलैत केंद्रानं अधिसूचना काढून प्रदर्शनाला आणि खेळाला वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांत बैल घातला, आणि २०१४ चा निकाल त्यातनं पुढं आला.

आणि शर्यतींवरचा १८ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल, त्यावर लोक म्हणतात कोर्टानं आमची परंपरा मान्य केली. नीट वाचा. पाच न्यायमूर्तींनी म्हटलंय की एखादी गोष्ट संस्कृतीचा भाग आहे का नाही ते कोर्टानं ठरवायचं नाही, विधिमंडळानं ठरवलंय ते आम्ही मोडत नाही. आणि तामिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्राचे कायदे टिकले ते त्यातल्या नियमांसकट टिकले. नियम पाळले तर. माझं सगळं आयुष्य त्या "तर"वर चाललंय हो. मैदानावर पाच-पन्नास हजार माणूस जमतो, तिथं एक डॉक्टर म्हणतो हा बैल पळण्याच्या लायकीचा नाही, त्याच्याकडं लोक कसं बघतात ते मला विचारा.

खिलार जातीची गुरं वाचवायला शर्यत पाहिजे असं लोक म्हणतात, तेही अर्धंच खरं. खिलार कमी झाली ती एकट्या बंदीनं नाही, ट्रॅक्टर आला, वैरण महागली, दुष्काळात छावण्यांत दिवस काढले, लोकांनी संकरित गायी घेतल्या कारण दूध डेअरीला जातं. शर्यतीनं वाचतो तो निवडक खोंड. त्याच्या आईला, म्हणजे दिवसाला दोन-तीन लिटर देणाऱ्या खिलार गाईला कोण सांभाळतंय, ते विचारा एकदा आबांना.

भाग टाका, जरूर टाका. पण पुढचा भाग माझ्यासारख्या कुणालातरी बसवून करा. त्याच गोठ्यात करा.

माणदेशी पोरगं

डॉक्टरसाहेब, राग कशाला. खिळ्याचं खरं आहे, मी पण बघितलंय, आणि ते करणाऱ्याला मैदानातनं हाकलून दिलेलं पण बघितलंय. आमच्या वडिलांनी खोंडाला कधी चाबूक लावला नाही, नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज काढायचे, तेवढ्यावर उठायचा तो.

पण तुम्ही एक लिहिलं नाहीत. आपल्याच भागात दिवाळीपासून मार्चपर्यंत कारखान्याला ऊस जातो, बैलगाडीत केवढा भरतात, चढाला बैल गुडघ्यावर येतो, आणि भर रस्त्यात सगळे बघत असतात. त्या बैलावर टीव्हीवर एकदा तरी चर्चा झाली का? शर्यतीचा बैल तासभर पण जुंपत नाहीत, तो बैल चार-पाच महिने रोज जुंपतात. हे मी शर्यतीच्या बचावाला नाही सांगत. बोलायचं तर दोन्ही बैलांवर बोला एवढंच म्हणणं आहे.

गाईचं मात्र तुम्ही बरोबर बोललात. आमच्या दारात पण खिलार गाय नाही आता.

गुरांचा डॉक्टर

उसाच्या गाडीचं शंभर टक्के मान्य. जू घासून मानेला आवाळू, म्हणजे गाठ, आलेले बैल मी सगळ्यात जास्त तिथंच बघितलेत. तो वेगळा भागच होईल, आणि त्यात ऊसतोडीचा टोळीवाला पण बसवा, कारण त्याच्या डोक्यावर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, असते, तो हौसेनं नाही जादा भरत.

शाहूपुरीतले सर

चर्चा वाचून बरं वाटलं, कुणी कुणाला अर्वाच्य बोललं नाही.

मी साताऱ्यात नागरिकशास्त्र शिकवतो. चॅनल वेगळी करू नका हे माझंही मत, आणि त्याला साताऱ्याचंच उदाहरण देतो. २०२४ च्या लोकसभेला इथं शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाला मिळालं होतं पिपाणीसारखं वाद्य, ज्याचं मराठी नाव यादीत तुतारी असं होतं. त्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली, आणि उदयनराजे निवडून आले ते साधारण ३२ हजारांच्या फरकानं. ती मतं चुकून पडली का जाणून, ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण वर्गात हा विषय काढला की पोरं एकदम सावरून बसतात. मग चिन्हं कोण देतं, १९६८ चा चिन्हांचा आदेश काय आहे, पक्ष फुटला तर चिन्ह कुणाचं हे आयोग कसं ठरवतो, तुतारी आणि पिपाणी यात फरक काय, तुतारी कुठल्या सोहळ्यात वाजते आणि पिपाणी कुठं, असं करत तास संपतो. राजकारण, कायदा, वाद्य सगळं एका तासात. नुसतं "निवडणूक चिन्हे" म्हणून शिकवलं असतं तर मागच्या बाकावरचे झोपले असते.

आणखी एक विषय सुचवतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालं, सांगली-सातारा धरून सहा जिल्ह्यांसाठी. चाळीस वर्षांच्या वरची मागणी होती ती. माझ्या चुलत्यांची जमिनीची केस हायकोर्टात होती, दर तारखेला पिशवीत कागद घेऊन रात्रीच्या गाडीनं मुंबईला जायचे, सकाळी दादरला सार्वजनिक नळावर तोंड धुवायचे आणि पुष्कळदा बोर्डावर केस पोचायचीच नाही, परत रात्रीची गाडी. ते गेले, केस चालूच आहे. असे पक्षकार प्रत्येक गावात दोन-तीन सापडतील. त्यांना बसवा माईकसमोर, वकिलांना नंतर.

मिरज जंक्शन

छोटीशी सूचना. तुमच्या सुरुवातीला जे सिनेमाचं गाणं वाजतं ते काढा, उद्या हक्काचा दावा आला की अख्खा भाग उडेल. आपल्याकडं ध्वनिमुद्रणाला ६० वर्षं हक्क असतो, तुमचं गाणं तेवढं जुनं नाही. इथं मिरजेत या की, सतारमेकर गल्लीत बसून तंबोऱ्याचे दोन मिनिटं सूर रेकॉर्ड करून न्या, वाजवणाऱ्याला विचारून आणि त्याचं नाव सांगून. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय आता. तारा जुळवताना जो आवाज येतो ना, जवारी लावताना, म्हणजे सूर खुलावा म्हणून घोडी घासून नीट करताना, तो पण घ्या.

हळदपेठेतला

मंडळी, काल रविवारी परत आटपाडीला जाऊन आलो. दोघं गेलो होतो. सांगतो काय झालं ते.

आबांच्या मुलाला आणि सुनेला बसवलं, मोबाईलला छोटा स्पीकर जोडला आणि वकीलताईंनी सांगितलं तसं तो सगळा तुकडा ऐकवला, आधीची पाच मिनिटं आणि नंतरची पाच मिनिटं धरून. आबा खाटेवर बसून मान खाली घालून ऐकत होते. मयताचं वाक्य आलं तेव्हा मुलानं वडिलांकडं बघितलं, म्हणाला हे मला कधी बोलला न्हाई तुम्ही. त्याला बंदीतल्या शर्यती माहीत होत्या, त्याचं वाईट वाटायचं ते माहीत नव्हतं.

मित्रानं सगळं समजावून सांगितलं, मुदतीचं, नावांचं, की हे कायमचं राहणार, पुढं कुणीही ऐकेल. आबा म्हणाले, "ती नावं काढ. एकजण आता न्हाई, आन् जमादार गरीब मानूस हुता. माजं राहू दे." ते पण रेकॉर्ड केलं. मग डॉक्टरसाहेबांचा प्रश्न विचारला, खिलार गाय कोण सांभाळतं म्हणून. त्याला लगेच उत्तर आलं नाही. उठले, गोठ्याच्या पलीकडं घेऊन गेले, तिथं एक म्हातारी गाय बांधलेली, शिंगं मागं वळलेली, एकाचं टोक तुटलंय. म्हणाले हिची पाच वासरं मैदानात पळाली, आता आटलीय, मुलगा म्हणतो विकून टाकू. सून मागनं म्हणाली, मी विकू देणार नाही, वैरण मीच घालते. सूनबाईंचं नाव आणि आवाज वापरायला त्या हो म्हणाल्यात, पुढच्या भागात त्याच बोलणार आहेत, डॉक्टरसाहेब तुम्ही तारीख सांगा, त्याच गोठ्यात करू.

निघताना आबांनी परत हाक मारली. म्हणाले एक राहिलं. पावणेदोन तास बोललो पण त्या पहाटेच्या बैलाचं नाव कुठंच घेतलं न्हाई, नुसतं त्यो बैल त्यो बैल म्हणलोय. मी माईक परत लावला. "लक्ष्या," म्हणाले, "लक्ष्या हुतं त्याचं नाव. काळ्या शिंगाचा. एवढं घाल त्यात."

ते घातलंय. भाग या रविवारी संध्याकाळी टाकतोय, पूर्ण पावणेदोन तासांचा, वर तंबोरा आहे मिरजेचा.